इनचं घर होताना

समोरून पाहिलं की या घराला दोन दारं दिसतात. एक नेहमीचं, माणसांचं. दुसरं इतकं उंच आणि रुंद की चार घोड्यांची गाडी रस्त्यावरून वळून थेट मागच्या अंगणात जावी. इंग्लंडच्या पूर्वेला, सफक परगण्यात, सडबरी आणि बरी सेंट एडमंड्स यांच्या मधल्या एका लहान गावात ही इमारत आहे. तीनशेहून जास्त वर्षं ती गावचं इन होती: वाटसरूला जेवण, बिअर आणि बिछाना, त्याच्या घोड्याला तबेला. गेली शंभरेक वर्षं ते एका कुटुंबाचं राहतं घर आहे, म्हणून गावाचं आणि इनचं नाव मी लिहीत नाही.

मी पुण्यात वास्तुकला शिकले, यॉर्क विद्यापीठात जुन्या इमारतींच्या जतनाचा अभ्यास केला आणि आता सफकमधल्या एका छोट्या कार्यालयात हेच काम करते. हे घर आमच्याकडे आलं ते ओलीमुळे. रस्त्याकडच्या भिंती खालून कंबरेपर्यंत ओल्या, एका कोपऱ्यात जमीन खचलेली आणि पावसाळी दिवशी आत शिरलं की कुजक्या लाकडाचा वास. घर नुकतंच विकत घेतलेल्या जोडप्याला तीन गोष्टी हव्या होत्या. ओल थांबवायची, घोड्यांच्या त्या वाटेत स्वयंपाकघर करायचं आणि समोरच्या मोठ्या खोलीतलं तपकिरी रंगाचं फळ्यांचं अस्तर काढून मागचे ओकचे खांब उघडे करायचे. पहिली गोष्ट तातडीची होती. दुसरीवर विचार करता आला असता. तिसरीला माझा सुरुवातीपासून विरोध होता, आणि या कामातला माझा बराचसा जीव त्या फळ्यांमध्येच अडकला.

इमारत 'ग्रेड टू लिस्टेड' आहे. इंग्लंडमध्ये जपण्याजोग्या इमारतींच्या यादीची व्यवस्था 1947 च्या नगररचना कायद्यापासून उभी राहिली. आज तिला 1990 चा स्वतंत्र कायदा लागू आहे आणि यादी 'हिस्टॉरिक इंग्लंड' ही संस्था सांभाळते. ग्रेड वन, ग्रेड टू स्टार आणि ग्रेड टू असे तीन दर्जे. दहातल्या नऊहून जास्त इमारती शेवटच्या दर्जात मोडतात. बाहेरच्यांना वाटतं की ग्रेड टू म्हणजे फक्त दर्शनी भाग राखायचा. तसं मुळीच नाही. आतलं-बाहेरचं सगळं संरक्षित असतं, यादीतल्या नोंदीत त्याचा उल्लेख असो वा नसो. इमारतीचं स्वरूप बदलणारं काम परवानगीवाचून केलं तर तो फौजदारी गुन्हा ठरतो आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्या घराची जुनी नोंद मोजून काही ओळींची: लाकडी सांगाडा, रस्त्यावर पुढे आलेला वरचा मजला, विटांचं धुराडं, गाडीवाट. आतल्या खोल्यांबद्दल चकार शब्द नाही. नोंद करणारे त्या काळी इमारत ओळखता यावी एवढंच लिहीत, कित्येकदा रस्त्यावरूनच.

परवानगीच्या अर्जासोबत एक निवेदन जोडावं लागतं: इमारतीत महत्त्वाचं काय आहे, का आहे, आणि आपण जे करणार त्याचा त्यावर काय परिणाम होईल. ते लिहायचं तर आधी इमारत वाचावी लागते. या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच.

आम्ही फीत, लेझर आणि विजेरी घेऊन मोजणीला लागलो. रस्त्याकडची बाजू चार खणांची निघाली, मागे काटकोनात एक जोडपाख, म्हणजे इमारतीची जोडलेली बाजू. सगळा सांगाडा ओकचा. खांब वरच्या टोकाला जाड होत जातात, कारण झाडाचा बुंधा वर आणि शेंडा खाली असे ते उलटे उभे केले आहेत. वरच्या त्या जाड डोक्यात तीन वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या तुळयांची कुसवं, म्हणजे खाचेत घुसणारी टोकं, एकाच ठिकाणी बसतात. सांध्यांवर सुताराने कोरलेले रोमन आकडे आहेत आणि चारसाठी सरळ चार रेघा. सांगाडा आधी सुताराच्या आवारात जमिनीवर जुळवायचा, आकडे कोरायचे, सुटा करायचा, बैलगाडीवर किंवा घोडागाडीवर लादून जागेवर न्यायचा आणि आकड्याला आकडा जोडत उभा करायचा. लाकूड ओलंच वापरत, कारण वाळलेला ओक तासताना हत्यारांची धार जाते. कुसवातलं भोक मुद्दाम जरा सरकवून पाडत, म्हणजे खुंटी ठोकली की सांधा आपोआप खेचला जाई आणि पुढे लाकूड सुकत गेलं की आणखी आवळला जाई. चारशे वर्षांनंतरही त्यातले बहुतेक सांधे घट्ट आहेत. नख घालायलाही फट नाही.

वय ठरवायला आम्ही कडीपाटाकडे पाहिलं. पहिल्या मजल्याच्या कड्या रुंद आणि बसक्या, पसरून टाकलेल्या आहेत. सतराव्या शतकात हळूहळू कड्या उभ्या, अरुंद टाकायला लागले, कारण त्यात लाकूड कमी लागतं आणि बळ जास्त मिळतं. सांध्यांची घडणही जुळत होती. सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध, असं आम्ही लिहिलं. झाडाच्या वर्षवलयांवरून नेमकं साल काढायचीही इच्छा होती, पण सफकमधलं ओक बांधावर, मोकळ्यावर, भराभर वाढलेलं असतं. वलयं रुंद आणि मोजकी. जुळवणीला पन्नासएक वलयं तरी हवीत, तेवढी आमच्या तुळयांत नव्हती. तज्ज्ञांनी लाकूड पाहिलं आणि नमुना काढण्यात अर्थ नाही असं सांगितलं. भोकं पडली नाहीत, हे एक बरं झालं.

वरच्या एका झोपायच्या खोलीत, मधल्या भिंतीच्या तुळईखाली, चौकोनी खाचांची ओळ सापडली. प्रत्येक खाच कोनावर फिरवलेली, पतंगासारखी. म्हणजे तिथे एके काळी बिनकाचेची खिडकी होती: उभे लाकडी गज आणि खालच्या बाजूला सरकत्या झडपेची खोबण. आज जी आतली भिंत आहे ती कधीतरी बाहेरची होती. गाडीवाटेवरचा खण नंतर जोडला गेला, हे त्या खाचांनी सांगितलं.

आता मुख्य प्रश्न. हे बांधकाम इनचं आहे, घराचं नाही, हे कशावरून?

त्या काळच्या घरात वरच्या खोल्यांना बोळ नसे. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं जावं लागे. घरच्याच माणसांत त्याचं काही वाटत नसे. पण रात्रीच्या मुक्कामाला आलेल्या लोकरीच्या व्यापाऱ्याला अनोळखी माणसाच्या बिछान्याशेजारून ये-जा करायला लावून चालत नाही. प्रत्येक खोलीला स्वतंत्र दार हवं. आमच्या घरात वरच्या मजल्यावर मागच्या बाजूने एक अरुंद बोळ जातो आणि त्यावर ओळीने दारांच्या चौकटी आहेत, त्यातल्या काही गिलाव्याखाली बुजलेल्या. बोळाच्या बाहेरच्या भिंतीतला गिलावा जिथे पडला होता तिथे कठड्याचे गज बसवायच्या खाचा दिसल्या. हा बोळ मुळात उघडा सज्जा होता, अंगणाकडे तोंड करून. ग्लॉस्टरचं न्यू इन पाहिलं, पंधराव्या शतकातलं, की हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर दिसते: चौकाभोवती दोन मजली सज्जे आणि त्यांवर उघडणाऱ्या खोल्या. लंडनच्या सदर्कमधलं जॉर्ज इन 1676 च्या आगीनंतर पुन्हा बांधलेलं. सज्ज्यांचं असं लंडनमध्ये उरलेलं ते एकटंच. आमचं त्यापुढे फार लहान, एकाच बाजूला सज्जा असलेलं. पण विचार तोच, गावच्या ऐपतीप्रमाणे.

खाली, पुढचं दार आणि गाडीवाट यांच्या मधोमध, एक चिंचोळी खोली आहे. तिला आत उघडणाऱ्या दोन खिडक्या आहेत, एक दाराच्या बोळाकडे आणि एक गाडीवाटेकडे. घरमालक तिला कोठीची खोली म्हणत. ही इनवाल्याची बसायची जागा. हिशेबाची वही, किल्ल्या, महागडी दारू इथे कुलपात. इथे बसलं की कोण आलं, कोण वर गेलं, कोणाचा घोडा पैसे न देता अंगणाबाहेर निघाला, सगळं नजरेत राहतं. आज आपल्याला इंग्लंडमधल्या पबचं जे लांबलचक लाकडी काउंटर ओळखीचं वाटतं ते एकोणिसाव्या शतकात, शहरांतून पसरलं. जोसेफ ब्रामाने तळघरातून बिअर उपसणाऱ्या पंपाचं पेटंट 1797 मध्ये घेतलं. त्याआधी, आणि खेड्यांत त्यानंतरही बराच काळ, कोणीतरी भांडं घेऊन तळघरात उतरे आणि पिंपातून भरून आणे. आमच्या इनमध्ये काउंटरची एकही खूण सापडली नाही. तळघराच्या दगडी पायऱ्या मात्र मधोमध खोलगट झाल्या आहेत.

ते तळघर मला संपूर्ण घरात सर्वांत सुंदर वाटतं. अर्धं जमिनीत, विटांची बुटकी कमान, उत्तरेकडे हवेची जाळी. दोन भिंतींना लागून गुडघ्याएवढा विटांचा ओटा, पिंपं आडवी ठेवायला. फरशीत उतार आणि सांडलेलं वाहून जायला पन्हळ. रस्त्याकडच्या भिंतीत झडपेचं तोंड आणि त्याखाली दोन तिरप्या लाकडी सऱ्या, ज्यांवरून दोर लावून भरलेली पिंपं खाली सोडत. उन्हाळ्यातही तिथे गारवा टिकतो. या एका खोलीत प्रत्येक वस्तूला काम आहे आणि शोभेसाठी काहीच केलेलं नाही.

धुराड्याच्या तोंडावरच्या जाड तुळईवर थेंबाच्या आकाराच्या जळक्या खुणा आहेत. पूर्वी लोक म्हणत की कोणी मेणबत्ती विसरलं असेल. पण प्रयोग करून पाहणाऱ्यांनी दाखवलं आहे की असा नेटका थेंब पडायला ज्योत हातात धरून, कोन साधून, बराच वेळ लाकडाला लावावी लागते. म्हणजे त्या मुद्दाम केलेल्या. शेजारी कंपासने काढलेलं सहा पाकळ्यांचं फूल. आग आणि अमंगळ घराबाहेर राहावं म्हणून अशा खुणा इंग्लंडभर चुलीजवळ, दारांजवळ केलेल्या दिसतात. अनोळखी माणसांना रात्रभर छप्पर देणाऱ्या घराला ती काळजी जास्तच असणार, असं मला त्या तुळईसमोर उभं राहिल्यावर वाटलं.

कागदपत्रांसाठी मी इप्सविच आणि बरी सेंट एडमंड्सच्या अभिलेखागारांत बसले. इंग्लंडमध्ये दारूविक्रीचे परवाने न्यायदंडाधिकाऱ्यांनी द्यायचे हे 1552 च्या कायद्याने ठरलं, त्यामुळे जामीनपत्रांत इनवाल्यांची नावं सापडतात. 1577 मध्ये सरकारने देशातल्या अशा जागांची मोजदाद केली. पंचवीसेक परगण्यांतल्या नोंदींत चौदा हजारांवर एलहाउस, सोळाशेच्या आसपास इन आणि जेमतेम सव्वातीनशे टॅव्हर्न. एलहाउसमध्ये बिअर, टॅव्हर्नमध्ये वाईन. मुक्कामाची खात्री मात्र इनमध्येच. म्हणून इनची बांधणी वेगळी आणि इनवाल्याची गावात पतही वेगळी.

पण माझ्या कामाला सर्वांत जास्त आली ती 1686 ची नोंद. सैन्याच्या मुक्कामासाठी युद्ध खात्याने गावोगावच्या इनमध्ये किती पाहुण्यांचे बिछाने आणि किती घोड्यांची सोय आहे याची यादी केली होती. आमचं गाव लहान, त्यात इन एकच. बिछान्यांचा आकडा वरच्या बोळावरच्या बुजलेल्या दारांशी नीट जुळत होता. नकाशे, मृत्युपत्रं, मालमत्तेच्या याद्या यांतून इमारतीचं चरित्र लागतं हे मला शिकवलं गेलं होतं. पण कागदावरचा आकडा आणि भिंतीतली चौकट एकमेकांना दुजोरा देतात तेव्हा होणारा आनंद कोणी आधी सांगून कळत नाही.

मग घोडागाड्या बंद पडल्या. पहिली टपालगाडी 1784 मध्ये ब्रिस्टलहून लंडनला धावली आणि त्यानंतरची पन्नासेक वर्षं मोठ्या रस्त्यांवरच्या इनसाठी भरभराटीची. आमचं इन आडरस्त्यावर होतं, तरी त्याच काळात समोर विटांचा मुलामा, वर सरकत्या काचेच्या खिडक्या आणि पहिल्या मजल्यावर गोलाकार छताची मोठी खोली झाली. गावच्या सभा, लिलाव, संशयास्पद मृत्यूंची कॉरोनरने करायची चौकशी, सगळं तिथे. 1849 मध्ये सडबरीपर्यंत रेल्वे आली आणि मुक्कामाचे वाटसरू आटले. वरच्या खोल्या इनवाल्याच्या कुटुंबाने वापरायला घेतल्या. खाली उरलं ते शेतमजुरांचं बसायचं ठिकाण.

ती खोली म्हणजे तपकिरी फळ्यांची खोली. पाइनच्या, खोबणीत बसवलेल्या, खांद्याएवढ्या उंचीपर्यंत लावलेल्या स्वस्त फळ्या, आणि तीन भिंतींना लागून पक्की बाकं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या टप्प्यातलं काम. बाकाच्या पाठीची कड माणसांच्या पाठी घासून गुळगुळीत झालेली. चुलीजवळ, बसल्या जागेवरून हात पोहोचेल इतक्या उंचीवर, चाकूने पाडलेल्या रेघांचे गठ्ठे: चार उभ्या, एक तिरपी. कशाची मोजणी होती कोण जाणे. पुढे 1904 च्या कायद्याने जास्तीचे परवाने भरपाई देऊन बंद करायची सोय झाली आणि खेड्यांतल्या असंख्य जागा त्यात गेल्या. आमचं इनही त्या लाटेत बंद पडलं आणि घर झालं.

घरमालकांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. यादीत ओकच्या सांगाड्याचा उल्लेख आहे, फळ्यांचा नाही. ओक चारशे वर्षांचा, फळ्या सव्वाशे वर्षांच्या. मग जुनं दिसू द्यावं, नवं काढावं. जुन्या इंग्रजी घराचं जे चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतं त्यात काळ्याभोर तुळया असतातच. पण हे चित्र स्वतःच फार जुनं नाही. सफकमधले असे सांगाडे सतराव्या शतकापासून बाहेरून चुन्याच्या गिलाव्याने झाकले जात. आतल्या तुळयांवर चुन्याची सफेदी चढे. त्या उघड्या करून काळं फासण्याची हौस एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातली, आणि वाळूच्या माऱ्याने तुळया 'स्वच्छ' करताना सुतारांचे आकडे, लाकूड तासायच्या वाकसाच्या खुणा आणि या जळक्या थेंबांसारख्या गोष्टी कायमच्या पुसल्या गेल्या.

मी निवेदनात लिहिलं की या इमारतीचे तीन अवतार आहेत आणि तिसरा सर्वांत नाजूक आहे. व्यापाऱ्यांचं इन ओकमध्ये टिकलं आहे, ते सहजासहजी जाणार नाही. गाड्यांच्या काळातलं इन विटांत टिकलं आहे. पण ज्या मजुरांनी दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून संध्याकाळी इथे पाठ टेकली त्यांचं या गावात दुसरं काही उरलेलं नाही. त्यांची घरं पडली, थडग्यांवर दगड नाहीत. विल्यम मॉरिस आणि फिलिप वेब यांनी 1877 मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती नेमक्या याच सवयीविरुद्ध: एक काळ निवडायचा आणि त्यापायी बाकीचे खरवडून टाकायचे. वास्तूला एकच खरं वय नसतं, हे मी बैठकीतही जोर देऊन मांडलं. परवानगी देणाऱ्या स्थानिक परिषदेची जतन अधिकारी शांतपणे ऐकत होती. तिने मान्यही केलं नाही आणि नाकारलंही नाही. बाकावर बसून पाहिलं आणि रेघांचे फोटो काढले.

ओलीच्या तपासासाठी खिडकीखालची एक सैल फळी, खिळे न मोडता, काढली गेली. मागे ओक नव्हता. फळ्या लावताना कुजके खांब तोडून त्या जागी विटा भरल्या होत्या. उघडं करायला तिथे काहीच शिल्लक नाही हे कळल्यावर घरमालकांचा आग्रह ओसरला. मला मात्र सांगावंसं वाटतं की मागे अखंड, देखणा ओक निघाला असता तरी माझी शिफारस तीच राहिली असती. आज ती त्यांची जेवणाची खोली आहे. लांब टेबल थेट बाकाला लावलं आहे आणि त्या घरात पाहुणे आले की पहिली जागा बाकाचीच भरते.

गाडीवाटेचा प्रश्न नकाशावर सुटला. दोन्ही तोंडं विटांनी बंद करून स्वयंपाकघर केलं असतं तर इमारतीचं इनपण एका फटक्यात संपलं असतं. रस्त्यावरून अंगण दिसणं हीच तर तिची ओळख. मागच्या जोडपाखात जुनं स्वयंपाकघर आणि बिअर गाळायची खोली रिकामीच होती, धुराडं, मोठी खिडकी, सगळं तयार. स्वयंपाकघर तिथे गेलं. गाडीवाटेत फक्त अंगणाच्या बाजूला, खांबांपासून आत सरकवून, काचेचा पडदा बसवला, एकाही जुन्या लाकडाला न कापता. उद्या कोणाला काढावासा वाटला तर चार स्क्रू काढले की झालं. खालचे गारगोटीचे गोटे आणि चाकांचा मार झेलून झिजलेले कोपऱ्यातले दगड होते तसे आहेत.

अर्जाला शुल्क नसतं आणि निर्णय साधारण आठ आठवड्यांत अपेक्षित असतो. आमचा लांबला, कारण छपरात वटवाघळं निघाली. त्यांना कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे, आणि ती बाहेर पडताना मोजायची पाहणी मे ते सप्टेंबर एवढ्याच काळात होते. मला त्यात तक्रार नाही. तक्रार आहे ती कराची: नवं घर बांधलं तर मूल्यवर्धित कर शून्य, जुनं जपलं तर वीस टक्के. परवानगी घेऊन केलेल्या बदलांना जी सूट होती तीही 2012 मध्ये गेली. जुन्या वास्तू राखायला लावणाऱ्या देशाने त्या राखणाऱ्यावरच जास्त भार टाकावा हे मला अन्यायाचं वाटतं.

आणि ओल? तिचं कारण विसाव्या शतकातलं. कोणीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला होता आणि आत सिमेंटची जमीन घातली होती. ओकचा सांगाडा आणि कुडाच्या भिंती सतत थोड्या हलतात, थोडं पाणी घेतात, थोडं सोडतात. सिमेंट हलत नाही, म्हणून त्याला बारीक भेगा पडतात. भेगांतून पाऊस आत जातो आणि बाहेर यायला वाट राहत नाही. सगळ्यात खालची आडवी तुळई, जिच्यावर खांब उभे असतात, ती हाताने भुगा व्हावा इतकी गेली होती. मृत्युघंटेचा भुंगा म्हणतात तो लाकूड पोखरणारा किडाही तिथेच, कारण त्याला ओलं ओकच लागतं. ओल गेली की तोही आवरतो. विषारी फवारे मारायची गरज सहसा पडत नाही.

सुताराने भिंत लोखंडी टेकूंवर तोलून धरली, कुजलेला भाग तेवढाच कापला आणि नव्या ओल्या ओकचे तुकडे तिरप्या सांध्याने जुन्याला जोडले, खुंट्या ठोकून. नवं लाकूड रंगवून जुनं भासवलं नाही. त्यावर साल कोरलं, म्हणजे पुढे वाचणाऱ्याची फसगत होणार नाही. पडलेल्या कुडाची माती आम्ही फेकली नाही. चाळून, भिजवून, नवा चिरलेला पेंढा घालून तीच परत वापरली. कुडाच्या आतल्या, हेझल झुडपाच्या काठ्या मात्र नव्या. माझ्या आजोळी कोकणात कुडाची पडवी होती आणि दर वर्षी तिला शेणमातीचा हात फिरे, त्यामुळे माती पायाखाली कितपत मळायची हे मला कोणाला विचारावं लागलं नाही. गवंडी मात्र पहिल्यांदा बूट काढायला तयार नव्हता. नंतर तोच म्हणाला की पायांना लगदा तयार झाल्याचं हातांआधी समजतं.

वर चुन्याचा गिलावा, बकरीचे केस घातलेला, तीन थरांत. पुण्याच्या वाड्यांच्या कामात मी घाणीवर दळलेला, गूळ-बेलफळ घातलेला चुना पाहिला होता. इथे तशी भर नसते, पण धीर तेवढाच लागतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगड होतो आणि त्या काळात त्याला ना कडक ऊन चालतं ना गोठवणारी थंडी. म्हणून काम एप्रिल ते सप्टेंबर, परांचीवर ओलं गोणपाट टांगून, दिवसातून कितीदा तरी पाण्याचा फवारा मारून. शेवटी चुन्याच्या पातळ सफेदीचे पाच हात, त्यात मातीचा गुलाबी रंग, जो सफकच्या घरांवर पिढ्यानपिढ्या दिसतो. आतली सिमेंटची जमीन फोडून चुन्याची केली. ओलीचे आकडे पुढच्या हिवाळ्यात निम्म्याखाली आले आणि अजून उतरत आहेत. भिंत पूर्ण सुकायला काही वर्षं द्यावी लागतील.

सगळ्या नोंदी आणि नकाशे आम्ही परगण्याच्या ऐतिहासिक नोंदसंग्रहाकडे दिले आहेत, त्या बुजलेल्या दारांसह. अंगणातल्या पागेचं काम अजून व्हायचं आहे. गव्हाणी, घोड्यांमधल्या लाकडी आडभिंती, वर गवताचा माळा आणि मोतद्दाराची झोपायची खोली, सगळं जागेवर आहे, फक्त छत खचलंय. घरमालकांना तिथे मुलांसाठी दोन झोपायच्या खोल्या हव्या आहेत. मी माळ्यावर एकच खोली सुचवली आहे आणि खालच्या आडभिंतींना हात लावू नये असं म्हटलं आहे. अधिकारी पुढच्या महिन्यात पाहायला येईल. मी आडभिंतींची मोजमापं काढून ठेवली आहेत, आणि गव्हाणींच्या कडांवर घोड्यांच्या दातांच्या खुणा कुठे कुठे आहेत तेही नकाशावर दाखवलं आहे.